ह्याच्यापेक्षा बारीक बघा

"कुठल्या नंबरची देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"स्वस्तातली द्या," मी म्हणालो.

सांगलीच्या बाजारातलं ते लोकर-दोऱ्याचं दुकान होतं. दुकानदार मगदूम नावाचे वयस्क गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. क्रोशाच्या सुईला नंबर असतो हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर क्रोशाची सुई म्हणजे टोकाला आकडी असलेली काडी, एवढंसुद्धा मला त्याच दुपारी कळलं. माझं तासगावला मोटारी रिवाइंड करायचं दुकान. जळालेला पंप आणून टाकायचा आणि संध्याकाळी चालू करून न्यायचा. माणसं तोंड पाडून यायची आणि हसत जायची. त्यामुळे माझी अशी ठाम समजूत झाली होती की जगातलं काहीही दुरुस्त होतं, बिघाड कुठं आहे तेवढं सापडलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी माझी बायको शालन सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. तासगावच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशीच हात वर केले, म्हणून तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. मुलगी झाली. एका सिस्टरने कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोरून घाईघाईने नेलं, त्यातून मला मुठीएवढं डोकं दिसलं, आणि काचेच्या खोलीचं दार लागलं. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. बाळाची आई किंवा आईच्या बदली एक बाईमाणूस, तेही सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. शालनचा रक्तदाब चढलेला, टाके पडलेले, ती वरच्या मजल्यावर निजून होती. म्हणून आत जायच्या त्या माझ्या सासूबाई.

त्यांना मी मामी म्हणायचो. मामी त्यांच्या गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांनी काट्याच्या झोळीत घालून तोललेली. बोलणं मोजकं, चालणं सावकाश. मी अगदी उलट. सकाळपासून मी दिसेल त्याला गाठून विचारत होतो, काय करू? रक्त देऊ का? पुण्याला हलवू का? ती काचेची पेटी नीट तापत नसेल तर मी उघडून बघू का? डॉक्टर म्हणाले, तुम्ही शांत बसा, तेवढं केलंत तरी खूप झालं. वॉर्डबॉयने बाकाकडे बोट दाखवलं तर मी त्याची गचांडी धरली. मामींनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"मामी, मी काय करू तेवढं सांगा," मी म्हणालो.

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की सिस्टर म्हणत होती, एवढ्याशा बाळाच्या डोक्यातून ऊब निघून जाते, घट्ट बसेल असं सुती टोपडं पाहिजे. बाजारातली सगळी टोपडी तिला मोठी होतील.

"मी इणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा आणा. आणताय न्हवं?"

मामींना क्रोशा चांगला यायचा. त्यांच्या दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, सगळं त्यांच्या हातचं. पण आमच्यात बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत आणि विणत नाहीत. मामी त्या बाबतीत इतक्या काटेकोर की शालनला दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सगळ्या सुया शेजारणीला देऊन टाकल्या. हाताला सवय असते, टीव्ही बघता बघता चुकून टोपड्याला सुरुवात होऊन बसायची, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

तर मगदूमांनी माझ्यापुढे दोन डबे ठेवले. एकात रंगीत मुठीच्या, ओळीने लावलेल्या परदेशी सुया. दुसऱ्यात सुट्या, नुसत्या पोलादी, एकमेकींत अडकलेल्या. पहिला डबा मी बघितला आणि मागे सरकवला. दवाखान्यातून औषधाच्या चिठ्ठ्या अशा येत होत्या की खिशाला हात लावायची भीती वाटावी. दुसऱ्या डब्यातली हाताला लागली ती सुई उचलली, दोऱ्याचा गुंडा घेतला आणि जवळजवळ पळतच परत आलो.

मामींनी विणायला घेतलं. आधी साखळी, मग ती जोडून गोल, मग गोलात एकाशेजारी एक खांबासारखे उभे टाके. मी समोर उकिडवा बसून त्यांच्या बोटांकडे बघत होतो आणि मधून मधून विचारत होतो, झालं का, अजून किती, आत काय चाललंय, डॉक्टर का येत नाहीत. थोड्या वेळाने मामींनी विणकाम उजेडाला धरलं.

"भोकं पडत्यात," त्या म्हणाल्या. "वारं शिरंल आत. ह्याच्यापेक्षा बारीक बघा."

मला काही भोकं दिसली नाहीत. पण मला त्यातलं काय कळतंय? मी उठलो. आता लिहितानाही लाज वाटते, पण मला बरं वाटलं. त्या इमारतीत मला जमण्यासारखं ते एकच काम होतं.

दुसऱ्या खेपेला मगदूमांनी पुन्हा तेच विचारलं, कुठला नंबर? आता मात्र मी तयारीत होतो. आमच्या धंद्यात तांब्याच्या तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. मी छाती काढून म्हणालो, "सगळ्यात मोठा नंबर द्या." मगदूमांनी चष्मा खाली घेऊन मला नीट न्याहाळलं. पण गिऱ्हाईक घाईत होतं, त्यांनी अॅल्युमिनियमच्या सुयांतली एक काढून कागदात गुंडाळून दिली. मीही ती न उघडताच आणली.

मामींनी कागद सोडला. आत करंगळीएवढी जाड सुई. त्या हसल्या. त्या दवाखान्यात मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

"पाव्हणं, ह्यानं घोंगडं इणायचं काय?"

ती सुई मी शालनला दाखवायला वर घेऊन गेलो. घोंगड्याचं सांगितल्यावर तीही हसली, टाक्यांवर हात दाबून. मग तिने विचारलं, केवढी आहे हो? मी मूठ दाखवली. तिने माझी मूठ हातात घेतली आणि अंगठ्याने चाचपून बघितली.

"आई टोपडं विणतीय म्हणजे बरं असणार," ती म्हणाली. "न्हाईतर आई हात लावायची न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. जी बाई जन्माआधी सुई घरात ठेवत नाही ती उगाच विणायला बसणार नाही. तिला आत जाता येतं, तिला पोरांची पारख आहे. टोपडं म्हणजे डोकं, आणि डोकं म्हणजे मुलगी आहे आणि राहणार आहे, असा माझा सरळ हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी मी तिसरी सुई आणली. बारीक होती, पण मामी म्हणाल्या, हिचं तोंड खरबरीत आहे, दोऱ्याचे तंतू निघतात, बाळाच्या कातडीला टोचतील. माझं दुकान जवळ असतं तर मी पॉलिश पेपरने घासून दिली असती. तासगाव लांब. पुन्हा मगदूम. एव्हाना त्यांनी मला बसायला स्टूल दिलं होतं आणि कुणासाठी काय ते विचारून घेतलं होतं. ऐकल्यावर त्यांनी पोलादी सुयांचा आख्खा डबा माझ्यापुढे पालथा केला.

"स्वस्तातली बी चांगली असतीय," ते म्हणाले. "फक्त निवडाय लागती. गालाला लावून बघा. गालाला टोचली तर दोऱ्याला बी टोचणार."

मी एक सुई गालावरून फिरवली.

"तिथं न्हवं, दाढीत काय कळतंय? डोळ्याखाली लावा."

भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या देखत, मी डोळ्याखाली एकेक सुई फिरवत बसलो. मगदूम शिकवत होते. आकडी खोल पाहिजे, नाहीतर दोरा निसटतो. फार खोल नको, नाहीतर सुटत नाही. मान एकसारखी उतरती पाहिजे. अंगठा टेकायला चपटी जागा पाहिजे, ती नसली तर सुई बोटांत फिरते. मी माना डोलवत होतो. तासाभरात मला त्यातलं इतकं कळायला लागलं की एका बाईने उचललेली सुई बघून मी तिला म्हणालो, ती नको, तिची मान वाकडी आहे. आणि आश्चर्य म्हणजे तिने ऐकलं.

परत आलो तर कळलं की डॉक्टर येऊन गेले. आदल्या दिवशीही मी दुकानात असतानाच येऊन गेले होते. मी वैतागलो. हा माणूस नेमका माझी पाठ वळली की कसा उगवतो? मामींना विचारलं, काय म्हणाले? त्या सुईचं तोंड बघत म्हणाल्या, "बघू म्हणाले." मी म्हणालो, बघू म्हणजे काय, मी जाऊन विचारतो. मामी म्हणाल्या, "सुई झ्याक आणलीसा. कशी निवडली?" आणि मी आकडी, मान, अंगठ्याची जागा, सगळं सांगत बसलो. डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून चांगलं बोटभर विणलं. मग सुई खाली ठेवून बोटं चोळायला लागल्या. काडी फारच बारीक, बोटं आखडतात, म्हणाल्या. रात्री वरून शालनने निरोप पाठवला, झालं का टोपडं? मी कळवलं, झालंच समज.

सकाळी मी दाढी करून, चहा घेऊन आलो तर मामी नुकत्याच काचेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. डॉक्टर पाठमोरे जिन्याकडे चालले होते. मी त्यांच्या मागे निघालो तशी मामींनी हाक मारली.

"पाव्हणं, लाकडी सुई कुठं मिळतीय का बघता? लाकडी असली म्हंजे हाताला गार लागत न्हाई, बोटं बी आखडत न्हाईत."

मी म्हणालो, आधी डॉक्टरांशी बोलून येतो.

"ते जात्यात कुठं? दुकानात गर्दी व्हायच्या आधी जावा."

त्यांचा आवाज जरा वेगळा होता. मला वाटलं, जागरणाने बसला असेल.

मगदूमांकडे लाकडी सुई नव्हती. त्यांनी आणखी दोन दुकानं सांगितली, तिथंही नव्हती. एकाने सांगितलं, मिरजेला लक्ष्मी मार्केटात बघा. मी परत येऊन मामींना विचारलं, मिरजेला जाऊ का? येईपर्यंत दुपार होईल. चालेल का?

"जावा," मामी म्हणाल्या. "सावकाश जावा. चांगली बघून आणा."

मिरजेला मी सगळा बाजार पालथा घातला. एका गल्लीत सतारीचे भोपळे उन्हात वाळत ठेवले होते, तिथल्या माणसालासुद्धा विचारलं, अशी काडी घासून द्याल का? शेवटी एका बांगड्यांच्या दुकानात, रिबिनी आणि टिकल्यांच्या मागे, लाकडी सुयांची जुडी सापडली. बाईने आधी परदेशी बांबूची एक दाखवली, तुळतुळीत, पण तिची किंमत ऐकून मी तिला हात लावला नाही. मग साध्या सुया मागून घेतल्या आणि एकेक गालाला लावून बघायला बसलो. पहिलीला कुसळ होतं. दुसरीची आकडी उथळ. कितीतरी बाजूला काढल्या. बाई कंटाळली, मी कंटाळलो नाही. अखेर एक मिळाली. हलकी, गुळगुळीत, मान सरळ, अंगठ्याला खळगा. स्वस्तातली, आणि तरी त्या महागडीच्या तोडीची. मला इतका आनंद झाला की मी बाईला सांगून टाकलं, माझ्या मुलीच्या टोपड्यासाठी पाहिजे. ती म्हणाली, मग बाळासाठी ह्या काळ्या बांगड्या पण घ्या. मी म्हणालो, बारशाला घेईन.

दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामी काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मी सुई त्यांच्या हातात दिली आणि सुरू झालो. बसला झालेला उशीर, मार्केटातली दुकानं, सतारवाला, बांगडीवाली, परदेशी सुई कशी नाकारली, ही कशी हेरली. मामींनी मला एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सुई गालाला लावली. दांडा बोटांत फिरवून बघितला.

"चांगली आणलीसा," त्या म्हणाल्या. मग बाकावर सरकल्या. "बसा."

मी बसलो.

"पोरगी गेली, पाव्हणं. दुपारीच."

"पण सुई मिळाली," मी म्हणालो.

मी काय बोललो ते मला उशिरा ऐकू आलं.

थोड्या वेळाने सिस्टरने तिला बाहेर आणून माझ्या हातात दिलं. वजन असं काही नव्हतंच. पांढऱ्या कापडातून तोंड तेवढं दिसत होतं, आणि डोक्यावर टोपडं होतं. घट्ट, सुबक, कडेला बारीक झालर, नाडीसुद्धा ओवलेली. ते पूर्ण झालेलं होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. सिस्टर चांगल्या मनाची होती. मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "पहिल्या संध्याकाळी आजींनी आणून दिलं. तेव्हापासून आम्ही एकदाही काढलं नाही."

मी टोपडं उजेडाकडे वळवलं. एकही भोक नव्हतं.

"पहिल्याच दिवशी झालं होतं?" मी मामींना विचारलं.

"तुम्ही ती जाडी सुई आणाय गेला तवा."

"पहिल्या सुईनं?"

"व्हय."

"मग मला गावभर कशाला फिरवलंत?"

मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एवढ्या वजनाचं लेकरू जगलेलं मी कवा बघितलं न्हाई. डॉक्टर बी पहिल्याच दिवशी बोलले. आणि तुम्ही सारखं माझ्याम्होरं येऊन, मामी काय करू, मामी काय करू. काय सांगणार हुते मी? माझ्यापाशी दुसरं काय न्हवतंच."

"आज सकाळी ठाऊक होतं तुम्हाला?"

"आज न्हाई ऱ्हायची, म्हणाले. मला वाटलं, तुम्ही कुणाच्या तरी अंगावर जाल. आत तिचा जीव जातोय आणि भाईर दंगा."

"मला इथं थांबायचं होतं."

"थांबून काय केलं असतासा?"

"काही नाही," मी म्हणालो. "पण थांबलो असतो."

मामी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "चुकलं आसंल माझं."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझी मुलगी काचेपलीकडे जात होती आणि मी मिरजेत बांगड्यांच्या दुकानात सुया गालाला लावून खूश होत होतो. हे मला कुणी करायला लावलं तर ह्या बाईने. मामी आता नाहीत. पुढे आम्हाला मुलगा झाला, त्याचं सगळं त्यांनीच केलं, आमच्यात कधी वाकडा शब्द झाला नाही. पण तो राग अधूनमधून अजूनही येतो.

शालनला सांगायचं राहिलं होतं. मामी उठल्या आणि म्हणाल्या, मी सांगते तिला, तुम्ही तवर खाली जाऊन... आणि त्या अर्ध्यावरच थांबल्या. मी म्हणालो, मी कुठं जात नाही. सिस्टरने बाळ परत आपल्याकडे घेतलं, आणि आम्ही दोघं जिना चढून गेलो.

शालनने आमची तोंडं बघितली आणि तिला कळलं. ती किंचाळली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या झंपरावर दुधाचे डाग पसरत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मामी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी तिच्याजवळ बसलो.

"आता मी काय करू?" शालनने विचारलं. आईला नाही, मला.

तिने माझा हात हलवला.

"सांगा की. काय करू मी?"

मी मामींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. शालन माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी सांगणारच आहे अशी. तिचे केस सुटून तोंडावर आले होते.

"केस विंचर," मी म्हणालो.

ती टाक्यांवर हात धरून पलंगावरून उतरली आणि फणी शोधायला लागली. पिशवीत बघितली, कपाटाच्या खणात बघितली, खाली वाकून पलंगाखाली बघितली. फणी उशीखाली होती. तिचे दाते बाहेर आलेले मला दिसत होते आणि मामींनाही दिसत होते. आम्ही दोघंही काही बोललो नाही.